बरणीवरची वेळ

टिकवणे हा आपल्या घरांतला एक मोठा उद्योग आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी मुकाट्याने चालवलेला आहे. कैरी येते दोन महिने. तिचे लोणचे मात्र वर्षभर पुरायला हवे. कोकम, आवळा, लिंबू, सांडगे, कुरडया - उन्हाळा सरेपर्यंत फडताळातल्या बरण्यांची रांग भरली नाही, तर घरच्या बाईला चैन पडत नाही. दिवाळीच्या फराळाचेही तेच. चकली खुसखुशीत होणे हे निम्मे यश. ती भाऊबिजेपर्यंत खुसखुशीत राहणे हे उरलेले निम्मे, आणि माझ्या मते अधिक अवघड.

माझी आजी या शास्त्रात पारंगत होती. तिचा एक नियम होता. कैरी एकदा फोडली, की फोडींना मीठ-हळद लागेपर्यंत जागचे उठायचे नाही. मग दारात व्याही का येईनात! "मीठ उशिरा लागलं, की फोड आधी मरते आणि मग मुरते," असे ती म्हणे. आधी मेलेली फोड पुढे कितीही मुरवा, ती मऊच राहायची. मसाल्यात काही उणे नसते; मसाला लागण्यापूर्वी गेलेल्या वेळेने तिचे काम बिघडवलेले असते.

आजीचे हे वाक्य मला पुढे प्रयोगशाळेत जन्मभर पुरले.

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे नेमके काय, हे आमच्या नात्यागोत्यातल्या पुष्कळांना मी निवृत्त झाले तरी उमगलेले नाही. "ती रक्त तपासते" एवढ्यावर त्यांचे समाधान आहे. कृष्णाकाठच्या एका गावात मी तीस वर्षांहून अधिक काळ सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसले. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा पाहायचा आणि तो काय आहे ते सांगायचे, हे माझे काम. रोग्याला औषध देणारा डॉक्टर मी नव्हे. बहुतेक रोग्यांचे तोंडही मी कधी पाहिले नाही. पण त्यांच्या नशिबाची एक-दोन वाक्ये माझ्या सहीने बाहेर पडत.

सणाच्या अंकात कॅन्सरचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. आज आपल्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कॅन्सरांत स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे, आणि तो घरात शिरताना पंचांग पाहत नाही. शिवाय मी रोगाची भीती घालायला बसलेले नाही. मला सांगायची आहे ती एका लहानशा बरणीची आणि तिच्यात पडायला लागणाऱ्या वेळेची गोष्ट.

फार वर्षे पॅथॉलॉजिस्टला एकच प्रश्न विचारला जाई : गाठ कॅन्सरची आहे की साधी? आता तेवढ्यावर भागत नाही. कॅन्सर आहे हे कळल्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो - कोणत्या औषधाला तो दाद देईल? या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीट्सन या शल्यविशारदाने एक नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. स्तनाचा कॅन्सर बळावलेल्या स्त्रीचे बीजकोश काढले, तर रोग काही काळ मागे हटतो! असे का व्हावे, हे त्याला सांगता आले नाही. ते कोडे उलगडायला साठएक वर्षे लागली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिकागोचे एलवुड जेन्सन यांनी दाखवले, की इस्ट्रोजेन हे संप्रेरक काही पेशींतच जाऊन बसते, कारण त्या पेशींत त्याला धरून ठेवणारे एक प्रथिन असते. त्याला रिसेप्टर म्हणतात. आपण त्याला कुलूप म्हणू. संप्रेरक ही त्याची किल्ली. काही कॅन्सरांच्या पेशींत हे कुलूप असते, आणि किल्ली फिरली की त्या वाढतात. काहींत ते मुळातच नसते.

मग औषध निघाले टॅमॉक्सिफेन. अमेरिकेत त्याला १९७७ साली मान्यता मिळाली. ही गोळी कुलपात जाऊन बसते आणि खऱ्या किल्लीला आत येऊ देत नाही. रिसेप्टर असलेल्या स्त्रियांनी ती पाच वर्षे घेतली, तर पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. रिसेप्टर नसलेल्यांना तिचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. पुढे हर-टू नावाच्या आणखी एका प्रथिनाचा शोध लागला आणि त्याच्यावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली आले. तेही तसेच : ज्या गाठीत हर-टू भरमसाट आहे तिलाच ते लागू. तेव्हा 'आहे' की 'नाही' या दोन शब्दांवर एखाद्या बाईची पुढली कितीतरी वर्षे अवलंबून असतात, आणि हे शब्द बोलायचे असतात त्या कापून काढलेल्या तुकड्याने.

आता तुकडा बोलायचा तर तो टिकला पाहिजे. शरीराबाहेर पडलेला तुकडा लगेच मरत नाही. त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पेशी काही काळ धडपडतात. मग त्यांच्याच पोटातली पाचक द्रव्ये त्यांची प्रथिने खाऊ लागतात. हे थांबवायचा उपाय म्हणजे फॉर्मॅलिन - नाकाडोळ्यांना झोंबणारे ते पाण्यासारखे द्रव, जे शाळेच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या बरणीत आपण सर्वांनी पाहिलेले असते. १८९३ साली फ्रँकफुर्टचे फर्डिनांड ब्लुम जंतुनाशक म्हणून त्याची परीक्षा करीत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली. दुसरा एखादा हात धुऊन मोकळा झाला असता. ब्लुमनी विचार केला, की बोटाला जे होते ते ऊतीलाही होईल. त्या दिवसापासून जगभर ऊती फॉर्मॅलिनमध्येच पडत आहेत.

फॉर्मॅलिन करते काय, तर प्रथिनांच्या रेणूंना एकमेकांशी पूल बांधून जखडून टाकते. जे जिथे असेल ते तिथेच थिजते. पण ते सावकाश चालणारे आहे. तुकड्यात ते तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरते, आणि शिरल्यावरही पूल बांधायला त्याला तासन्‌तास लागतात. स्तनाची ऊती चरबीची. तिच्यात तर ते आणखी नाखुशीने शिरते. म्हणून मोठा तुकडा आल्याबरोबर पावाच्या लादीसारखे त्याचे काप पाडायचे आणि तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये ते सैल सोडायचे. अमेरिकेतल्या दोन तज्ज्ञ-संस्थांनी २०१० साली रिसेप्टरच्या तपासणीसाठी जे नियम घालून दिले, ते आज जगभर पाळतात : तुकडा शरीराबाहेर आल्यापासून तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडावा, तिथे तो कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. सुईने काढलेला शेवईएवढा बारीक तुकडाही याला अपवाद नाही. द्रव आत शिरले म्हणजे पूल बांधून झाले असे नाही, हे घाईच्या माणसाला पटवणे फार कठीण जाते.

पुढे त्या तुकड्यातले पाणी अल्कोहोलने काढून त्याची जागा मेणाने भरतात. मेणाच्या त्या ठोकळ्याचे, मिलिमीटरचे तीन-चार सहस्रांश जाडीचे, पापुद्रे कापतात आणि काचपट्टीवर चढवतात. इथे एक मोठी गंमत आहे. फॉर्मॅलिनने बांधलेले पूल प्रथिनाला टिकवतात खरे, पण झाकूनही टाकतात. रिसेप्टर शोधायला जे प्रतिपिंड आपण सोडतो, त्याला वाट सापडत नाही. १९९१ साली शी नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की काचपट्टी द्रावणात घालून उकळली तर ही वाट पुन्हा मोकळी होते. त्यांनी मायक्रोवेव्ह भट्टी वापरली. पुढे कितीतरी प्रयोगशाळांनी सरळ प्रेशर कुकर वापरला. आमच्याकडचा कुकर मी स्वतः भांड्यांच्या दुकानातून आणला. दुकानदाराने विचारले, "वहिनी, किती माणसांचा भात लावायचाय?" मी म्हटले, "माणसं पुष्कळ आहेत, पण भात नाही." त्याने माझ्याकडे जे पाहिले ते अजून आठवते.

उकळलेल्या पट्टीवर प्रतिपिंड सोडले, रंग चढवला, की ज्या पेशींत रिसेप्टर आहे त्यांची केंद्रके तपकिरी होतात आणि नाही त्यांची निळी राहतात. शंभरातल्या एका पेशीत जरी तपकिरी रंग दिसला, तरी तो कॅन्सर 'रिसेप्टर असलेला' धरायचा, असा २०१० पासूनचा नियम आहे. यावरून वाचकांच्या लक्षात येईल, की काठावरच्या गाठीत थोडीशी नासाडीही निकाल फिरवू शकते. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा जरा जास्त राहिला तर कुकर ते पुष्कळसे सावरून घेतो. पण फॉर्मॅलिनमध्ये पडण्यापूर्वी जे नासले, ते जगातला कोणताही कुकर परत आणू शकत नाही. आजीची फोड ती हीच.

यातला खरा धोका असा, की नासलेला तुकडा काही तक्रार करीत नाही. तो 'मी खराब झालो' असे म्हणत नाही. तो निळा दिसतो. ज्या गाठीत रिसेप्टर खरोखरीच नाही तीही निळीच दिसते. अशा गाठी असतात, त्यांचे उपचार निराळे असतात, आणि त्यांचा नकार अगदी खरा असतो. म्हणजे एकाच निळ्या रंगाचे दोन अर्थ : 'नव्हते' आणि 'होते, पण राहिले नाही'. कागदावर दोन्हींचा निकाल एकाच शब्दात उतरतो.

सुदैवाने निसर्गाने एक साक्षीदार ठेवला आहे. गाठीच्या शेजारी बहुधा निरोगी दूधनलिकाही सापडतात, आणि त्यांतल्या काही पेशींत रिसेप्टर असतोच असतो. गाठ निळी आणि शेजारची नलिका तपकिरी, तर नकार खरा मानायला हरकत नाही. पण नलिकाही निळी? घरातली सगळीच माणसे गप्प असली, म्हणजे प्रश्नाचे उत्तर 'नाही' आहे असे समजायचे नसते. त्या घरात काहीतरी घडलेले असते.

२०११ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावचे एक प्राथमिक शिक्षक आपल्या पत्नीच्या गाठीची बरणी मांडीवरच्या पिशवीत धरून एस.टी.ने माझ्याकडे आले. बाईही शिक्षिका, वय सत्तेचाळीस. आपल्याकडे ही प्रथाच आहे. गाठ काढली की बरणी नातेवाइकांच्या हाती देतात. शस्त्रक्रिया आदल्या दिवशी दुपारी झालेली. बरणी एवढी लहान, की गाठ तिच्यात दाबून बसवलेली, आणि फॉर्मॅलिन वरच्या वर ओलावण्यापुरते. चिठ्ठीवर वेळेचा रकाना कोरा. मी गाठ कापली. कडेने बोटभर भाग राखाडी आणि घट्ट झालेला. मधला भाग गुलाबी, मऊ, कच्चा.

मधल्या भागाचा जो ठोकळा तपासला त्यात गाठ निळी आली. नलिकाही निळ्या. अहवाल त्याच दिवशी देता आला असता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा दोनदा फोन आला. मी लिहिले, की या ठोकळ्यावरून निकाल सांगता येत नाही, आणि गाठीच्या कडेचे दुसरे ठोकळे काढून तपासणी पुन्हा लावली. तिला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी गुरुजी दारात उभे. पांढरा सदरा, हातात तीच पिशवी.

"मॅडम, उशीर लागतोय म्हणजे काही जास्त वाईट आहे का? मला सांगा. मी मंडळींना सांगणार नाही."

"तसं नाही हो, गुरुजी. तुकडा नीट बोलत नव्हता. त्याला बोलतं करतेय."

त्यांनी मान हलवली. माझे बोलणे त्यांना कितपत कळले कोण जाणे. पण शिक्षकाला, मूल बोलत नसले तर थांबावे लागते, एवढे ठाऊक असते. ते बाकावर बसून राहिले.

त्या दुपारी कडेचा ठोकळा रंगून आला. नलिका तपकिरी होत्या. आणि त्यांच्याभोवती पसरलेला कॅन्सरही तपकिरी होता - शंभरात साठ-सत्तर पेशी. बाईंना टॅमॉक्सिफेन सुरू झाले. काही रुपयांची गोळी! त्या पुढे निवृत्त झाल्या आणि दर वर्षी तपासणीला येऊन जातात, असे मला कळते. गोळीने वाचल्या असे मी म्हणणार नाही. आकडे हजारो बायकांचे मिळून असतात. एकीच्या बाबतीत काय झाले असते, ते कोणालाच सांगता येत नाही. जी गोळी त्यांच्या हक्काची होती ती त्यांना मिळाली, एवढे मात्र खरे.

सगळ्यांना ती मिळत नाही, आणि ही गोष्ट केवळ आपल्या तालुक्याच्या गावांची आहे असेही कोणी समजू नये. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचा प्रांत आहे. तिथे १९९७ ते २००५ या काळात झालेल्या रिसेप्टरच्या तपासण्यांबद्दल २००५ साली शंका उत्पन्न झाली. 'नाही' म्हणून आलेला एक निकाल फेरतपासणीत 'आहे' निघाला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी मेणाचे जुने ठोकळे शोधून टोरांटोच्या एका रुग्णालयात पाठवले. साडेतीनशेहून अधिक स्त्रियांचे निकाल चुकीचे ठरले. त्यांतल्या शंभराहून अधिक त्यापूर्वीच वारल्या होत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि २००९ साली अहवाल दिला. कारणे एक नव्हती. रंगवण्याच्या पद्धतीत दोष होते, देखरेख नव्हती. पण ऊती नीट न टिकवणे आणि शेजारच्या निरोगी नलिका गप्प असतानाही नकारावर विश्वास ठेवणे, ही त्यांतलीच दोन होती.

ते सारे वाचताना मला त्या ठोकळ्यांचे फार वाटले. आठ-आठ वर्षे ते एखाद्या खणात पडून होते; त्यांतले पुष्कळसे खरे उत्तर पोटात धरून होते. कोणी नीट विचारले तेव्हा त्यांनी ते सांगितले. पण ज्यांना सांगायचे, त्यांतल्या कितीतरी जणी तेव्हा ऐकायला उरल्या नव्हत्या.

म्हणून वाचकांना, आणि विशेषतः घरात ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना, दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गाठ काढायची असेल, तर आधीच विचारावे : तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती वेळात पडेल, आणि बरणीवर ती वेळ कोण लिहील? विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि अहवालात 'नाही' आले, तर तो ठोकळा कुठे आहे याची विचारपूस करून ठेवावी. पुन्हा तपासायचे झाले तर तोच उपयोगी पडतो. गाठ आपली असते. तिचे म्हणणे नीट ऐकले गेले की नाही, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

आमच्या इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरात तुकडे बरणीत घालायचे काम एका मामांकडे होते. वॉर्डातल्या अशा सेवकांना आपल्याकडे मामाच म्हणतात. बरणीवर दोन वेळा लिहायच्या - गाठ बाहेर आली ती, आणि फॉर्मॅलिनमध्ये पडली ती - असा नियम मी केला, तेव्हा मामा कुरकुरले. "मॅडम, शिकलेली माणसं एवढी असताना माझ्या लिहिण्यानं काय व्हतंय?"

मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. आधी गुरुजींच्या मंडळींची मधल्या ठोकळ्याची पट्टी दाखवली, मग कडेची. दोन्ही एकाच गाठीच्या आहेत, हे सांगितले. मामांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिले. पहिल्यांदा एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"म्हंजे ही बोलती," ते म्हणाले, "आन् ही मुकी केली."

मी म्हटले, "हो मामा. आणि ती मुकी होते ते आपल्या बरणीत."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी थिएटरात गेले, तर मामा स्टुलावर उभे. भिंतीवरचे घड्याळ कित्येक महिने सात मिनिटे मागे चालत होते आणि त्याचे कोणालाच काही वाटत नव्हते. मामांनी ते खाली काढले होते, आणि खिशातल्या लहानशा रेडिओवर आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ व्हायची वाट पाहत ते काटा बोटाने धरून उभे होते.